बांध हातभर उंच केला तर? घरच्या लॅपटॉपवर ओपनफोम बसवून चालवण्याची पद्धत

अलिबागच्या खाडीपट्ट्यात आमची खारजमीन आहे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री बॅटऱ्या घेऊन बाहेरकाठ्यावर (खाडीकडच्या बांधावर) फिरणं लहानपणापासून पाहत आलो. बांधावरून पाणी उलटायला लागलं की आतली बाजू आधी खचते, मग खांड जाते (बांध फुटून भगदाड पडतं), आणि खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढचे हंगामही त्या मातीतून मीठ निघत नाही. दर वर्षी बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "बांध हातभर उंच करा." हातभर, म्हणजे दीड फूट, साधारण ४५ सेंटीमीटर. एवढ्या उंचीनं उलटणारं पाणी किती कमी होईल, याचं उत्तर मला कुणी आकड्यात दिलं नाही. ते स्वतः काढता येतं हे कळल्यावर मी ओपनफोम शिकलो. इथे त्याची पूर्ण वाट देतो: बसवण्यापासून ते बांधाच्या दोन उंचींची तुलना करण्यापर्यंत.

ओपनफोम हे द्रवांचं आणि वायूंचं वाहणं संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात झाली आणि २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुलं झालं. पैसे लागत नाहीत, आतला कोड वाचता येतो. मात्र बटणं दाबायची खिडकी त्यात नाही. सगळं काम मजकुराच्या फाइल आणि टर्मिनल (कमांड टाइप करायचा पडदा) यांवर चालतं. पहिले दोन दिवस हे जड जातं, नंतर हाच त्याचा मोठा गुण वाटतो, कारण आपण काय मांडलं ते फाइलमध्ये शब्दाशब्दानं लिहिलेलं राहतं.

एक सूचना आधीच. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ओपनफोमच्या बहुतेक कमांड जोडशब्द असतात: पहिला शब्द पूर्ण लहान अक्षरांत, दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये जागा नाही. ब्लॉकमेशमधला "मेश" मोठ्या अक्षरानं सुरू होतो, इंटरफोममधला "फोम" तसाच. लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं दिसतं, त्यामुळे इथे चूक झाली की कमांड सापडतच नाही.

बसवणं

चार कोअर आणि ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप या लेखातल्या कामाला पुरतो. लिनक्स असेल तर उत्तम. विंडोज असेल तर पॉवरशेल "ॲडमिनिस्ट्रेटर" म्हणून उघडा आणि लिहा:

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

यानं विंडोजच्या पोटात उबुंटू बसतं. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ते नाव आणि पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याचा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. उबुंटूला सहसा एकूण रॅमच्या निम्मीच मिळते, हे पुढे मोठी जाळी (गणितासाठी जागेचे पाडलेले खाने) करताना लक्षात ठेवा.

आता निवड. ओपनफोम नावाच्या दोन मुख्य शाखा आहेत आणि नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एक ओपनफोम डॉट ओआरजीची, तिच्या आवृत्त्यांना ११, १२ असे साधे क्रमांक असतात. दुसरी ओपनफोम डॉट कॉमची, तिच्या आवृत्त्या जून आणि डिसेंबरमध्ये येतात आणि क्रमांकातच वर्ष-महिना असतो: २४१२ म्हणजे २०२४ चा डिसेंबर. दोन्हींच्या फाइल दिसायला सारख्या, पण तंतोतंत एक नाहीत. ओआरजीच्या ११ पासून पुढच्या आवृत्त्यांत सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) चालवायची पद्धतच बदलली आहे. एका शाखेचा धडा दुसरीवर चालवला की न समजणाऱ्या चुका येतात. मी डॉट कॉमची शाखा वापरतो, कारण लाटा निर्माण करायची सोय तिच्यात आयती आहे आणि किनाऱ्यावरच्या माणसाला पुढे तीच लागते. लेखातलं सगळं त्याच शाखेचं आहे. दोन्ही एकाच उबुंटूत बसवून गोंधळ ओढवून घेऊ नका.

डॉट कॉमच्या संकेतस्थळावर उबुंटूसाठीच्या पानावर भांडार (जिथून सॉफ्टवेअर उतरवलं जातं ती जागा) जोडण्याची एक ओळ दिलेली आहे. ती लांब आहे, हातानं टाइप न करता तिथूनच कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवा. मग:

सुडो ॲप्ट-गेट अपडेट
सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल ओपनफोम२४१२-डिफॉल्ट

क्रमांकाच्या जागी तुम्हाला मिळालेली आवृत्ती घाला. डाउनलोड मोठं असतं. आमच्याकडे मोबाइलचं नेट रात्री दहानंतर मोकळं होतं, मी तेव्हाच लावलं. बसल्यावर टर्मिनलमध्ये नुसतं "ओपनफोम२४१२" लिहिलं की ओपनफोमची वाट ठरलेलं शेल उघडतं. त्यात "इंटरफोम -हेल्प" लिहून बघा. माहितीची यादी आली की काम झालं. "कमांड नॉट फाउंड" आलं तर तुम्ही साध्या शेलमध्ये आहात. नव्या टर्मिनलमध्ये दर वेळी हे शेल उघडावं लागतं, हे विसरल्यामुळे अर्धे लोक पुन्हा बसवायला घेतात.

निकाल बघायला पॅराव्ह्यू लागतं. विंडोजवाल्यांनी ते उबुंटूत न बसवता सरळ विंडोजमध्ये बसवावं, चित्र जास्त गुळगुळीत चालतं.

पहिली धाव

स्वतःचा बांध पहिल्या दिवशी मांडू नका. आयतं उदाहरण आधी जसंच्या तसं चालवायचं, मग त्यातली एकेक गोष्ट बदलत आपल्या बांधापर्यंत यायचं. प्रत्येक बदलानंतर चालवून बघितलं की चूक कुठे शिरली ते लगेच कळतं. मला दुसरी कुठलीही पद्धत लाभलेली नाही.

आपल्या कामाचं उदाहरण आहे डॅमब्रेक. एका पेटीत डाव्या भिंतीला टेकून पाण्याचा उभा ठोकळा, मध्ये जमिनीवर छोटा अडथळा, बाकी हवा. शून्य सेकंदाला ठोकळा कोसळतो. ते आपल्या फोल्डरमध्ये आणू:

एमकेडीर -पी $फोम_रन
सीपी -आर $फोम_ट्युटोरियल्स/मल्टिफेज/इंटरफोम/लॅमिनार/डॅमब्रेक/डॅमब्रेक $फोम_रन
सीडी $फोम_रन/डॅमब्रेक

डॉलरच्या पुढची नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत. काम लिनक्सच्या घरातच ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवलं तर फाइल लिहिण्यातच वेळ जातो.

आत तीन फोल्डर दिसतील. "०.ओरिज" म्हणजे सुरुवातीची स्थिती: वेग, दाब आणि कुठे पाणी कुठे हवा. "कॉन्स्टंट" म्हणजे न बदलणारं: गुरुत्व, पाण्याची आणि हवेची घनता, चिकटपणा. "सिस्टिम" म्हणजे सोडवायचं कसं: किती वेळ, किती बारीक पाऊल (गणित वेळेत पुढे सरकतं तो टप्पा), कोणती गणिती पद्धत. कुठलंही उदाहरण उघडा, हीच मांडणी.

सीपी -आर ०.ओरिज ०
ब्लॉकमेश
चेकमेश
सेटफील्ड्स
इंटरफोम > लॉग.इंटरफोम

ब्लॉकमेश पेटीचे खाने पाडतं, या उदाहरणात २२६८. चेकमेश जाळी तपासतं. शेवटी "मेश ओके" आलं पाहिजे, नसेल तर पुढे जाऊ नका. सेटफील्ड्स कोणत्या खान्यांत पाणी ते भरतं. इंटरफोम गणित सोडवतं. प्रत्येक खान्यात पाण्याचा वाटा किती (१ म्हणजे पूर्ण पाणी, ० म्हणजे हवा) हे ते पावलागणिक पुढे नेतं. या राशीचं नाव अल्फा डॉट वॉटर.

लॉग फाइल वाचायची सवय इथेच लावा. तीन गोष्टी बघायच्या. पहिली कुरां संख्या: एका पावलात पाणी किती खाने ओलांडतं. इथे कमाल १ ठेवलेली असते आणि पाऊल त्यानुसार आपोआप लहान-मोठं होतं. दुसरी "फेज-१ व्हॉल्यूम फ्रॅक्शन", पेटीचा किती भाग पाणी आहे ते. या उदाहरणात ती ०.१३ च्या आसपास असते आणि शेवटपर्यंत तिथेच राहायला हवी, कारण पाणी कुठे जाणार? ती सरकू लागली तर एक तर शिंतोडे वरच्या उघड्या बाजूनं बाहेर गेले किंवा मांडणीत चूक आहे. तिसरी, पावलाचा आकार: पाऊल एकदम बारीक व्हायला लागलं की पुढे काहीतरी फुटणार आहे.

निकाल बघण्यासाठी फोल्डरमध्ये "टच बांध डॉट फोम" अशी रिकामी फाइल करा (नाव रोमनमध्ये काहीही, शेवट "डॉट फोम"). ती पॅराव्ह्यूमध्ये उघडा. विंडोजमधून उबुंटूचं घर फाइल एक्सप्लोररच्या डावीकडे "लिनक्स" खाली सापडतं. "अप्लाय" दाबून रंग अल्फा डॉट वॉटरवर ठेवा आणि चालवा. ठोकळा कोसळतो, अडथळ्याला धडकतो, जीभ हवेत उडते. पहिल्यांदा हे पडद्यावर चाललं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. ज्यांनी आयुष्यभर बांधावर पहारा केला, त्यांनी ती जीभ लगेच ओळखली.

उदाहरणाचा बांध करणं

मूळ पेटी जेमतेम ५८ सेंटीमीटरची आहे. सिस्टिममधली ब्लॉकमेशडिक्ट फाइल उघडा. वर "स्केल ०.१४६" दिसेल. तिथे १ करा. पेटी ४ मीटर रुंद, ४ मीटर उंच झाली, बिंदूंचे आकडे आता सरळ मीटर आहेत. सेटफील्ड्सडिक्टमध्ये पाण्याच्या पेटीचा दुसरा कोपरा (०.१४६१ ०.२९२ १) आहे, तो (१.००१ २ १) करा. नुसता १ का नाही? १ मीटरवर बरोब्बर एका खान्याचा मध्य येतो आणि तो आत धरायचा की बाहेर हे नशिबावर जातं. मूळ फाइलमध्ये ०.१४६ ऐवजी ०.१४६१ आहे ते याचसाठी. कॉन्स्टंटमधल्या ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीजमध्ये पाण्याची घनता १००० आहे, समुद्राच्या पाण्यासाठी १०२५ करा.

वेळही वाढवावा लागतो. लांबी सुमारे ६.८५ पट झाली की कोसळण्याचा वेळ तिच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे २.६ पट वाढतो. हाच फ्रूडचा नियम. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे, तिथे बंदरांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृतींवर प्रयोग होतात, त्यामागेही हेच मोजमाप असतं. कंट्रोलडिक्टमध्ये "एंडटाइम" १ चा ३ करा. चालवा, बघा. पाणी अडथळ्यापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोचायला हवं.

आता बांध. ब्लॉकमेशडिक्टमध्ये २४ बिंदू आहेत. त्यांतल्या उभ्या अंतराचा ०.३२८७६ आठ ठिकाणी आहे, तो १ करा. हा आपला १ मीटर उंच बांध. आडव्या अंतराचा २.१६४३८ सहा ठिकाणी आहे, तो २.६ करा, म्हणजे माथा ६० सेंटीमीटर रुंद. शेत चौथ्या मीटरला संपत नाही, तिथे भिंत ठेवली तर पाणी आपटून परत येईल. म्हणून आडव्या अंतराचा ४ असलेले सहा बिंदू १० करा. इथे सांभाळा: पेटीची उंचीही ४ आहे, तिला हात लावू नका.

खानेही जुळवायला हवेत, नाहीतर ते ओढलेले, लांबट होतात. सगळीकडे खाना साधारण ८.७ सेंटीमीटरचा ठेवू. ब्लॉक पाच आहेत, त्याच क्रमानं त्यांचे खाने असे लिहा: (२३ १२ १), (८५ १२ १), (२३ ३४ १), (७ ३४ १), (८५ ३४ १). पहिले दोन बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा खालचा भाग, पुढचे तीन वरचा थर. शेजारच्या ब्लॉकचे खाने समोरासमोर सारखे असलेच पाहिजेत. एकूण ५२०६ खाने होतात.

आधीची "०" आणि वेळेची फोल्डर पुसून (ऑलक्लीन नावाची फाइल हे काम करते) पुन्हा ०.ओरिजपासून सगळं चालवा. आता पाण्याचा वाटा ०.०५ च्या आसपास दिसेल, कारण पेटी मोठी झाली.

पलीकडे किती पाणी गेलं हे मोजायला पॅराव्ह्यूमध्ये "क्लिप" घ्या, आडव्या अक्षाला काटकोनात, २.६ वर, आणि पलीकडचा भाग ठेवा. त्यावर "इंटिग्रेट व्हेरिएबल्स". तक्त्यात "सेल डेटा" निवडून अल्फा डॉट वॉटरचा आकडा घ्या आणि ०.१ नं भागा, कारण आपल्या कापाची जाडी १० सेंटीमीटर आहे. उत्तर येतं दर धावत्या मीटर बांधामागे पलीकडे गेलेलं पाणी, घनमीटरमध्ये. अलीकडे मुळात सुमारे २ घनमीटर होतं, त्याच्याशी ताडून बघा.

मग बांध हातभर उंच करा: ते आठ १ चे १.४५, आणि खाने १२ च्या जागी १७, ३४ च्या जागी २९. पुन्हा चालवा, पुन्हा मोजा. माझे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही, तुमच्या बांधाच्या मापांनी काढलेलेच तुमच्या उपयोगाचे.

उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

एकदा सगळे खाने दोन्ही दिशांनी दुप्पट करून चालवा. खाने चौपट आणि पाऊल निम्मं, म्हणजे वेळ सुमारे आठपट. पलीकडच्या पाण्याचा आकडा फारसा हलला नाही तर जाळी पुरेशी बारीक आहे. बराच हलला तर अजून बारीक करा, तोवर तो आकडा कुणाला सांगू नका.

दुसरी पडताळणी कागदावर होते. २ मीटर उभ्या पाण्याचा तळाशी दाब १०२५ गुणिले ९.८१ गुणिले २, म्हणजे सुमारे २० किलोपास्कल. शून्याच्या जवळच्या वेळी डाव्या भिंतीच्या तळाशी दाब याहून कमीच दिसायला हवा, कारण ठोकळ्याची उजवी बाजू मोकळी असते. जास्त दिसला तर घनता किंवा गुरुत्व चुकलंय. फाइलमध्ये दोन दाब असतात. शेवटी आरजीएच असलेल्यातून उभ्या पाण्याचा दाब वजा केलेला असतो, साधा "पी" बघा. तिसरी: १८९२ मध्ये रिटरनं बांध अचानक नाहीसा झाला तर कोरड्या जमिनीवर पाण्याची धार किती वेगानं पळेल ते काढलं, ते २ गुणिले गुरुत्व-खोलीच्या गुणाकाराचं वर्गमूळ. २ मीटरला ८.९ मीटर प्रतिसेकंद. आपली धार त्यापेक्षा कमीच हवी. वेग बघताना पाण्याचा बघा. वरची हवा कधी कधी त्याहून जोरात धावते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी स्वतः पहिल्या महिन्यात चुकलो. भरतीच्या तक्त्यात पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या पुढचे आकडे असतात. तो आकडा चार्ट डेटमपासून, म्हणजे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेला असतो. आपल्या शेताच्या जमिनीपासून नाही. मी तो तसाच घातला आणि बांध बुडून गेला. खरं माप बांधावर घ्यायचं: उधाणाच्या वेळी रोवलेल्या बांबूवर पाण्याची खूण करा आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात त्या पारदर्शक नळीनं खूण, बांधाचा माथा आणि आतली जमीन यांचा फरक मोजा. हे तीन आकडे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे आहेत.

हेही मान्य करायला हवं की आपण मांडलेला पाण्याचा ठोकळा म्हणजे एक अचानक आलेला लोंढा आहे, सहा तास चढणारी भरती नाही. भरती इंटरफोमनं सोडवू नका. सेकंदाच्या शंभराव्या भागाचं पाऊल धरलं तर सहा तासांना एकवीस लाखांवर पावलं लागतात. पूर्ण खाडीचं भरणं-ओसरणं, उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) पाणी किती वेळात निघेल, याला उथळ पाण्याची समीकरणं सोडवणारी टेलीमॅक किंवा अनुगा ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. शिवाय आपला बांध इथे दगडासारखा घट्ट आहे. मातीचं खचणं, खेकड्यांच्या बिळांतून झिरपणं यातलं काहीही या गणितात नाही, आणि खांड पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

अडचणी, आणि वीज

"फोम फेटल आयओ एरर" आला तर घाबरू नका, त्यात फाइलचं नाव आणि ओळ दिलेली असते. बहुतेक वेळा आधीच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकायचा राहिलेला असतो. "पॉइंट्स" फाइल सापडत नाही म्हणाला तर ब्लॉकमेश चालवलेलं नाही. "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" म्हणजे गणित फुटलं: कंट्रोलडिक्टमध्ये मॅक्सको आणि मॅक्सअल्फाको (कुरां संख्येच्या कमाल मर्यादा) दोन्ही ०.५ करून बघा, आणि चेकमेश पुन्हा वाचा. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये बदलू नका, उबुंटूतला नॅनो वापरा.

जूननंतर आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. कंट्रोलडिक्टमध्ये "स्टार्टफ्रॉम" पुढे "लेटेस्टटाइम" लिहिलं की धाव शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून पुढे चालू होते. साठवण्याचं अंतर ०.०५ सेकंद आहे, लांब धावेला एवढं पुरतं. लॅपटॉपची बॅटरी संपत आली तर "स्टॉपॲट" पुढे "राइटनाऊ" लिहून फाइल साठवा. चालती धाव ते वाचते, त्या क्षणाची स्थिती लिहिते आणि नीट थांबते. नंतर ते परत "एंडटाइम" करायला विसरू नका.

खाने लाखाच्या घरात गेले की काम कोअरमध्ये वाटा: डीकंपोजपार, मग "एमपीआयरन -एनपी ४ इंटरफोम -पॅरलल", शेवटी रीकन्स्ट्रक्टपार. आपल्या पाच हजार खान्यांना त्याचा फायदा नाही, कोअर एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवतात.

पुढची पायरी लाटांची. त्याच ट्युटोरियल्समध्ये लॅमिनारखाली "वेव्हज" नावाचं फोल्डर आहे. त्यातलं स्टोक्स-१ घ्या, कॉन्स्टंटमधल्या वेव्हप्रॉपर्टीजमध्ये लाटेची उंची आणि कालावधी बदला. मिऱ्या किंवा देवबागसारख्या ठिकाणच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचा विचार करायचा तर सुरुवात इथून होते. शिकताना अडलात तर मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ओपनफोमवरचं साहित्य मोफत आहे, ते बघा. आणि प्रत्येक धावेचं फोल्डर वेगळ्या नावानं ठेवा, त्यात एका साध्या फाइलमध्ये बांधाची उंची, माप घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीची तिथी लिहा. पुढच्या उधाणाला बांबूवरची खूण याच फाइलशी ताडायची आहे.